हाली, कलदार आणि लंडनचा हातोडा

लंडनच्या लिलावगृहांच्या याद्या आता मोबाईलवर येतात. लॉटचा क्रमांक, नाण्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, वर्ष, टांकसाळ, वजन, प्रत आणि पौंडातली अंदाजे किंमत, सगळं एका पानावर. लंडनात सकाळी दहाला सुरू झालेला लिलाव आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी अडीचला आणि हिवाळ्यात साडेतीनला दिसू लागतो. म्हणजे रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची बोली लावून मोकळा झालेला माणूस चहा पिता पिता राणीछाप रुपयावरही बोली लावू शकतो. गावाला रेल्वे नाही, गाडी पकडायची तर वाशीम गाठावं लागतं. पण लिलावाच्या सभागृहात बसलेल्या दलालाशी स्पर्धा करायला आता रेल्वे लागत नाही.

या याद्या मी आवडीने वाचतो. त्यांतली शिस्त वाखाणण्यासारखी असते. नाणं पूर्वी कोणत्या नामांकित संग्रहात होतं, कोणत्या वर्षीच्या लिलावात विकलं गेलं, हेसुद्धा दिलेलं असतं. कॅनडातले रॉबर्ट पुडेस्टर यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांचा प्रचंड संग्रह केला होता. लंडनच्या नूनन्स या लिलावगृहाने २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने विकला, तेव्हा त्या याद्या म्हणजे अभ्यासाची पुस्तकंच होती. तरी एक रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो. हे नाणं लंडनला पोचण्याआधी कुठल्या गावात, कुणाच्या उतरंडीत किंवा कुणाच्या गळ्यात होतं, हे कुणालाच माहीत नसतं. रिसोडसारख्या गावाकडून पाहिलं, की नेमका तोच रकाना मोलाचा वाटतो.

त्याला कारण आहे. रिसोड सरहद्दीवरचं गाव. तालुक्यातून पैनगंगा वाहते, पुढे सेनगाव आणि हिंगोली. जुन्या बोलण्यात तिकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, होती आणि इकडे इंग्रजी अंमल. निजामाच्या पदरी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची इंग्रज अधिकाऱ्यांची फौज होती, आणि तिची एक मोठी छावणी हिंगोलीलाच होती. फौजेचा पगार थकला, कंपनीचं कर्ज चढत गेलं आणि मे १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावं लागलं. थोडक्यात, हिंगोलीच्या शिपायांच्या पगारासाठी रिसोडचा शेतसारा गहाण पडला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने त्यावर कायमच्या भाडेपट्ट्याचं शिक्कामोर्तब केलं आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये भाडं ठरलं. वऱ्हाडावरची मालकी कागदोपत्री निजामाची, अंमल इंग्रजांचा.

या राजकारणाचा नाण्यांवर फार मजेदार परिणाम झाला. वऱ्हाडात चालायचा इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार. पैनगंगेपलीकडे चालायचा निजामाचा ‘हाली सिक्का’. विसाव्या शतकात त्यावर चारमिनार आला. बैल विकायला, लग्नाला, जत्रेला माणसं नदी ओलांडून येत-जात, तेव्हा खिशातल्या पैशाची जातही बदलावी लागे. दर साधारण सहा कलदाराला सात हाली असा होता. हा दर कुणाच्या मर्जीने पडला नव्हता, हे तराजू घेऊन बसलं तर पटतं. कलदार रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी: १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी हजारात ८१८ भाग: ९.१४ ग्रॅम. सहा कलदारांत ६४ ग्रॅम चांदी, सात हालींतही ६४ ग्रॅम. रिसोड-सेनगावच्या सराफाला रसायनशास्त्र शिकावं लागलं नाही. त्याच्या कसोटीच्या दगडाने आणि तराजूने हा हिशेब आधीच केलेला होता.

हालीचं चलन १९५० च्या दशकात कायमचं बंद झालं. या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पेटीत चारमिनार आणि राणी एकाच चिंधीत बांधलेले निघाले, तर त्या चिंधीलाही अर्थ असतो. त्या घराचा व्यवहार नदीच्या दोन्ही काठांवर होता, सोयरीक पलीकडे असेल, किंवा गुरांचा व्यापार. लिलावात मात्र चारमिनार ‘संस्थानी नाणी’ या विभागात जातो, राणी ‘ब्रिटिश भारत’ या विभागात, आणि चिंधी जाते कचऱ्यात.

आता कलदाराकडे वळू. ब्रिटिश नाणी जमवणारे आपल्याकडचे बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, कारण घरातला पहिला ‘ब्रिटिश’ माल म्हणजे हाच रुपया. १८३५ च्या कायद्याने कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला आणि त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं आलं. त्याआधी कंपनीचे बहुतेक रुपये मोगल बादशाह शाह आलमच्या नावाने पडत असत. बादशाहाला पेन्शन लावून त्याच्याच नावावर नाणी पाडण्याचा हा प्रकार त्या काळातल्या व्यापारी डोक्याला साजेसा होता. १८४० पासून व्हिक्टोरिया आली. हे वर्ष तिच्या रुपयावर १८६१ पर्यंत तसंच राहिलं. पुढे १८६२ चा साचा आला आणि तेही साल १८७४ पर्यंत गोठलं. मुंबई टांकसाळीने मात्र १८६२ च्या रुपयावर बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपक्यांची संख्या आणि जागा पाहून नाणं खरं कोणत्या वर्षीचं, हे अभ्यासक सांगतात. आजीच्या पेटीतला ‘१८६२ चा रुपया’ त्यामुळे १८७४ चाही असू शकतो. भिंग घेऊन ठिपके मोजत बसणं हा या छंदातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ आनंद आहे, असं माझं मत आहे. त्याला बोली लावावी लागत नाही.

१८७७ पासून राणीची ‘एम्प्रेस’ झाली. १९०३ पासून सातवा एडवर्ड, डोक्यावर मुकुट नसलेला. आणि १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तो एक भानगड घेऊनच. त्याच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदू-मुसलमान दोघांनाही न चालणारं जनावर बादशहाच्या छातीवर! सरकारने नाणी मागे घेतली, बरीच वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आणि कान मिळाले. ‘डुकराचा रुपया’ म्हणून १९११ चं नाणं आज प्रत्येक लिलावात असतं. गोष्ट चांगली असल्यामुळे त्याला किंमतही चांगली मिळते. पण तो अगदी दुर्मीळ आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नये.

त्याहून मला १९१८ ते १९२० चे रुपये आवडतात, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, लोकांनी रुपये दडवले आणि सरकारची तिजोरी रिकामी होऊ लागली. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढून पाहिली. तरी भागेना, तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी दिली. पंचम जॉर्जच्या त्या काळातल्या रुपयात अमेरिकेच्या खाणीतली चांदी आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने कापूस विकून गाडग्यात पुरलेला रुपया मुळात अमेरिकन डॉलर होता, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचंच डोकं तपासलं असतं.

नंतरची कथा उतरणीची. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. युद्धात तांबं कमी पडलं म्हणून १९४३ पासून भोकाचा पैसा आला. १९४७ चा शेवटचा रुपया निव्वळ निकेलचा, मागे वाघ. त्याला लोहचुंबक चिकटतं, आणि चिकटलंच पाहिजे. आधीच्या चांदीच्या रुपयाला चिकटलं तर मात्र तो खोटा समजावा.

खास इंग्लंडची नाणी, शिलिंग, पेनी, क्राउन, यांचा नाद आपल्याकडे थोड्यांनाच आहे. पण ऑनलाइन लिलावांमुळे वाढतो आहे. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला, त्यामुळे जुन्या पेनी ढिगाने आहेत आणि स्वस्त आहेत. आपल्या रुपयाशी त्यांचं नशीबही जुळतं: तिकडे १९२० मध्ये चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये पूर्ण गेली. आपल्याला जवळची वाटावीत अशी दोन उदाहरणं सांगतो. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर इंग्लंडची जाडजूड १७९७ ची पेनी पाडली. पण त्याआधीच, १७९१ आणि १७९४ चा तराजूचं चित्र असलेला मुंबई इलाख्याचा तांब्याचा पैसा त्याच्याच कारखान्यातून आला होता. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘आदिल’. दुसरं उदाहरण समुद्रातलं आहे. कंपनीची मद्रासेकडे निघालेली तांब्याची नाणी घेऊन ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्यावर फुटलं. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी लाखो नाणी वर काढली. १८०८ सालचे ते दहा आणि वीस कॅशचे तुकडे आज ऑनलाइन लिलावांत सतत असतात आणि नवशिक्याला परवडतात. हिंदुस्थानासाठी पडलेला पैसा हिंदुस्थानात न पोचता पावणेदोनशे वर्षं समुद्रात राहिला. यांचा पूर्वेतिहास मात्र पक्का माहीत असतो, आणि लोक त्याच्यासाठीच ती घेतात.

इंग्लंडचं एक नाणं तर मुंबईतच पडलं आहे. १९१८ मध्ये युद्धामुळे सोनं जहाजाने लंडनला पाठवणं धोक्याचं झालं, तेव्हा मुंबईत रॉयल मिंटची शाखा उघडून सॉव्हरिन, म्हणजे आपल्या बोलण्यातली गिनी, पाडली. सुमारे १३ लाख नग पडले आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असेल तर ती मुंबईची. घरात आजीची गिनी असेल तर हे अक्षर आधी शोधावं.

ऑनलाइन लिलावाचं तंत्र आता थोडक्यात, कारण ते फार अवघड नाही. अवघड आहे ते हात आवरणं. दिसते ती हातोड्याची किंमत असते. त्यावर खरेदीदाराचं कमिशन, कमिशनवर कर, टपाल, विमा. परदेशातून येणार असेल तर कस्टम्स. समजा हातोडा दहा हजारांवर पडला आणि कमिशन वीस टक्के असेल, तर बाकीचं धरायच्या आधीच बारा हजार झाले. मुंबई, बंगळूर, अहमदाबादच्या लिलावगृहांत टपाल आणि कस्टम्सचा ताप वाचतो आणि प्रत्यक्ष पाहायलाही जाता येतं. आपली सर्वोच्च बोली आधी कागदावर लिहून ठेवावी आणि समोर आकडा वाढताना तो कागद पुन्हा पाहावा. शेवटच्या मिनिटात बोली आली की घड्याळ पुढे सरकतं, आणि नेमक्या त्याच मिनिटात माणसाला वाटतं की आता सोडलं तर आयुष्यभराची हळहळ. तसं होत नाही. नाणी पुन्हा येतात, विशेषतः रुपये. कोटींच्या संख्येने पडलेली गोष्ट ‘एकमेव’ नसते.

फसवणुकीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात नुकसान तिथे होतं.

पहिला प्रकार देवाच्या नावाचा. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेलं, एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान असलेलं तांब्याचं ‘आणा’ नाणं. हे गावोगाव लाखांना खपवलं जातं. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. मद्रासकडे कंपनीच्या सोन्याच्या पॅगोड्यावर विष्णूची आकृती होती, हे खरं. पण १८१८ च्या तांब्याच्या आण्यावर रामपंचायतन ही नंतरच्या काळातली जत्रेतली कारागिरी आहे. त्याला किंमत असली तर स्मरणवस्तूची. पुढची पायरी त्याहून वाईट: हे नाणं ‘तांदूळ ओढतं’, त्यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोटी देणार आहे, फक्त तपासणीचे पैसे आधी भरा. या ‘राईस पुलर’च्या नादात पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले आहेत, आणि तक्रार न करणारे त्याहून जास्त असतील, कारण हाव सांगायची लाज वाटते.

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या, अशा जाहिराती. फोन केला की नोंदणीचे, कमिशनचे, कराचे पैसे मागतात आणि वर रिझर्व्ह बँकेचं नाव लावतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही आणि आपण त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही.

तिसरा प्रकार जाणकारांनाही फसवणारा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे. मुंबईत पडला, बाहेर फारच थोडे आले. म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीर तयार झाले. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते. साच्यात ओतलेली कंपनीची नाणी त्याहून सोपी असतात, कारण काठावर शिवण दिसते आणि वजन चुकतं. म्हणून दशमांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा, एक भिंग आणि एक चुंबक एवढं आधी घ्यावं, नाणं नंतर. महाग नाणं घ्यायचं तर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या संस्थेने तपासून डबीत बंद केलेलं पाहावं, आणि डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून घ्यावा, कारण डब्याही खोट्या निघतात.

कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे लंडनहून राणीचा रुपया घरी आणला की तो परत विकायला तिकडे पाठवायचा विचार सोडावा. आणि शेतात नांगरताना किंवा पाया खोदताना मडकं निघालं, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त मोलाचं जे सापडेल, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा १८७८ सालची आणि अजून तीच.

या कायद्याला लोक घाबरतात, आणि घाबरण्याचं कारणही समजतं. पण आपल्याच वाशीम जिल्ह्यातलं उदाहरण त्याचा उपयोग सांगतं. मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला. तांबे-कथील-शिशाच्या मिश्रधातूची दीड हजाराहून जास्त नाणी. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी ती तपासली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत न आढळणारी राजांची नावं इतिहासात आली. चांदी-सोनं काहीच नव्हतं. बाजारात एकेक नग गेला असता तर दोन-चार पैशांचा माल होता. तो एकत्र राहिला, गावाच्या नावासकट राहिला, म्हणून आज ‘तऱ्हाळा निधी’ हे नाव नाणेशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

राणीछाप रुपयांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. चांदीचा भाव किलोला लाख धरला, तरी एका कलदारात हजार रुपयांहून जास्त चांदी निघते. साध्या, झिजलेल्या रुपयाला संग्राहक याहून फार जास्त देत नाही. मग सराफाची मूस जवळची वाटते. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी तर साऱ्या बंजारा समाजाचं तीर्थ. बंजारा बायांच्या गळ्यात, कपड्यांवर, वेणीत रुपये आणि अधेल्या असायच्या, कडी डाख देऊन बसवलेल्या. लिलावाच्या यादीत अशा नाण्याला दोष लागतो, ‘दागिन्यातून काढलेलं’ अशी नोंद पडते आणि भाव खाली येतो. मला हा निकष पटत नाही. टांकसाळीतून निघून पिशवीत पडून राहिलेला करकरीत रुपया कुठेच गेला नाही, म्हणून तो महाग. तांड्यासोबत पन्नास वर्षं फिरलेला स्वस्त. बाजाराचं गणित बाजारापाशी. पण संग्रह करणाऱ्याने निदान एक कडीचा रुपया ठेवावा आणि तो कुठल्या तांड्यातून आला ते लिहून ठेवावं. असा रुपया लंडनहून मागवता येत नाही.

लक्ष्मीपूजनाला घराघरांत जुनी नाणी बाहेर निघतील. एवढं करा. चिंच, रिठा, पितांबरी लावून ती घासू नका. घासल्याने नाण्याची मूळ कांती कायमची जाते आणि किंमत निम्म्याहून कमी होऊ शकते. कोमट पाण्यातून काढून मऊ कपड्याने टिपली तरी लक्ष्मी रागावणार नाही. मग प्रत्येकाचं वजन घ्या, साल वाचा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून एका वहीत लिहा: हे कुणाचं, कुठून आलं, कुणी दिलं. हाली आणि कलदार एकत्र असतील तर एकत्रच ठेवा. विकायचं असेल तर खुशाल विका. पण वही नाण्यासोबत द्या, आणि तिची एक प्रत घरात राहू द्या.